खांद्यावरची खडूची रेघ

सर, तुम्ही वाईट शिक्षक होतात. हे वाक्य तुमच्या हयातीत कुणी तुमच्या तोंडावर म्हटलं नाही आणि तुम्ही गेल्यावर तर तुम्ही एकदम थोरच झालात. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी फोनवर एक ग्रुप काढलाय. त्यात रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात, अधूनमधून तुमची आठवणही येते. आता त्यांच्या डोक्यात तुमच्या नावानं स्मरणिका काढायचं आलंय. 'तुम्ही सरांच्या लाडक्या, शिवाय त्यांच्याच वाटेनं गेलात, तेव्हा पहिला लेख तुमचा,' असा मला निरोप आला. लेखाचं नावसुद्धा त्यांनीच सुचवलं, सुरांचे सम्राट की असंच काहीतरी. ज्यानं हे सुचवलं तो तुमच्या मागच्या रांगेत तीन वर्षं नुसतं तोंड हलवत उभा होता. त्याला ते आठवत नसावं, किंवा आठवत असून चालत असावं. मी कागद घेऊन बसले आणि पहिलंच वाक्य हे आलं. म्हटलं, आलंय तर येऊ दे.

तुमची पद्धत मला अजून पाठ आहे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला संस्थेचे चेअरमन झेंड्याला यायचे आणि त्यांना शाळेच्या पायऱ्या पोरांनी भरलेल्या दिसायला हव्या असायच्या. साठ पोरं, तीन रांगा. साठ पोरांना एका सुरात आणायचं तर महिनाभर घाम गाळावा लागतो. तुम्ही त्यावर झकास उपाय काढला होतात. साठातली वीस गाणार, बाकीची चाळीस ओठ हलवणार. 'तोंड उघडायचं, मिटायचं, आवाज काढायचा न्हाई. मागनं आवाज आला तर बगा,' असा तुमचा दम. कोण गाणार आणि कोण ओठ हलवणार हे ठरवायला तालमीच्या वेळी गाणाऱ्यांच्या मागून खडू फिरायचा. जो बेसूर वाटेल त्याच्या निळ्या गणवेशावर, खांद्याला, मागच्या बाजूनं एक रेघ. ज्याला रेघ त्यानं मागच्या रांगेत जायचं. पोरांनी त्या रांगेला मुकी रांग असं नाव ठेवलं होतं, तुम्हीही तेच म्हणायचात आणि हसायचात. त्या रेघा गणवेशावर ब्रशानं घासूनही नीट जायच्या नाहीत. घरी आया विचारायच्या, हे काय गं खांद्याला, आणि पोरी सांगायच्या, भिंतीला टेकले होते.

बरं, बेसूर म्हणजे कोण, हे तरी धड माहीत होतं का तुम्हाला? तुमचा गळा जाड, खर्जातला. पेटी उघडली की बोटं आपोआप तुमच्या सोयीच्या पट्टीवर जायची. त्या पट्टीत दहा-अकरा वर्षांच्या पोरांनी गायचं म्हणजे एक तर खाली घशात गुरगुरायचं, नाही तर वर जाऊन किंचाळायचं. दोन्ही जमलं नाही की तुम्ही म्हणणार, रेकतंय बघा म्हशीवानी. सर, तीन पट्ट्या वर गेला असतात तर त्या चाळीसांतली तीस तरी पोरं झक्क गायली असती. हे मी आता पुस्तकातून शिकून सांगत नाहीये, रोज करून बघते. पोराला आधी त्याच्या आवाजात काहीतरी म्हणायला लावायचं, ते कुठे उभं आहे ते ऐकायचं आणि मग पेटी तिथे न्यायची. पाच मिनिटांचं काम. तुमची नोकरी एवढी वर्षं झाली, त्यात तुम्हाला ही पाच मिनिटं कधी सापडली नाहीत.

आणि तुम्हाला हे येत नव्हतं असंही नाही, म्हणून तर जास्त चीड येते. एकदा मी पेटीवर घालायचं कापड द्यायला तुमच्या घरी आले होते. आईनं शिवून दिलं होतं, कडेला लाल गोट लावून. पुढचं दार उघडं होतं, कुणी ओ देईना, म्हणून मी आत आले. स्वयंपाकघरात काकू भाकरी थापतायत आणि हादग्याचं गाणं म्हणतायत. काकूंचा आवाज तुमच्याहून वरचा आणि जरा थरथरता. कुठून कुठे जाईल याचा नेम नाही. आणि तुम्ही पाटावर बसून पिठाचा डबा वाजवत त्यांच्या मागोमाग म्हणताय, त्यांच्या पट्टीत. त्या घसरल्या की तुम्हीही तेवढेच घसरताय, त्यांना कळूसुद्धा न देता. मी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होते. इतकं चांगलं गाणं मी तुमच्या तोंडून शाळेत कधी ऐकलं नव्हतं. तुमचं लक्ष गेलं, तुम्ही डबा एकदम बाजूला सारलात आणि म्हणालात, 'काय गं, काय पायजे?' चोरी पकडल्यासारखा तुमचा चेहरा झाला होता. म्हणजे घरात एका बाईसाठी तुम्हाला खाली-वर होता यायचं, शाळेत साठ पोरांसाठी मात्र यायचं नाही.

मी तुमची लाडकी होते, हे खरं आहे. माझी जागा पेटीच्या उजव्या हाताला. झाकणावर बोटं ठेवली की भात्याची धाप बोटांना कळायची. मला कान आहे असं तुम्ही चारचौघांत सांगायचात आणि मी ते घरी येऊन दोनदा सांगायचे. सहावीत असताना एक दिवस तुम्ही सदऱ्याच्या खिशातून खडू काढून माझ्या हातावर ठेवलात. 'हे घे. माझं ध्यान पेटीवर असतंय. तू फिर मागनं. मी हनुवटीनं दावीन, त्येला रेघ मार.' दुसऱ्या कुठल्या बक्षिसाचं मला इतकं अप्रूप कधी वाटलं नाही. सुरुवातीला तुम्ही खरंच हनुवटीनं दाखवायचात. पुढे तुम्हाला त्याचाही कंटाळा आला आणि तुम्ही सगळं माझ्यावरच सोडून दिलंत. मी कानाशी वाकून ऐकायची आणि माझ्या मनानं रेघ मारायची. पोरांना वाटायचं, सर दाखवतायत. एकदा मी माझ्या मामेबहिणीला सोडून दिलं, तर तालीम संपल्यावर तुम्ही मला थांबवून म्हणालात, 'कान इकलास व्हय गं?' मी रात्रभर रडले. त्यानंतर मी कुणालाच सोडलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात खडू देऊन साठ पोरांचा निकाल लावायला सांगणारा माणूस शिक्षक नसतो, सर. कामचुकार असतो.

न्यायानं बोलायचं तर शाळेनंही तुम्हाला शिक्षक मानलं नव्हतं. स्टाफरूममध्ये तुम्ही 'पेटीवाले'. मतदारयाद्या आल्या की तुम्ही, जनावरांची मोजणी आली की तुम्ही, कुणी रजेवर गेलं की त्याच्या वर्गावर तुम्ही. गाण्याचा तास गणिताला द्यायचा, आणि गणिताच्या सरांनी वर 'तुमचं काय, दोन गाणी कमी म्हणा' असं म्हणायचं. तुम्ही मूग गिळून बसायचात. वर्गात येऊन कसं शिकवताय, काही अडतंय का, हे विचारायला तुमच्याकडे एकदाही कुणी आलं नाही. साहेब यायचे ते हजेरीपट बघून चहा पिऊन जायचे. मला हे आता कळतं, कारण मी ज्या शिक्षकांकडे जाते त्यांचीही तीच गत आहे. मला तुमची कीव येते. पण कीव आली म्हणून माफ करावं असं वाटत नाही.

मी काय करते ते तुम्हाला सांगायचं राहिलं. मी सांगलीत राहते आणि शाळाशाळांतून हिंडते. ज्या गुरुजींना, बाईंना गाणं शिकवता येत नाही आणि तरी तास घ्यावाच लागतो, त्यांच्या शेजारी वर्गात बसून मदत करायची, असं काम आहे. काम चांगलं आहे, आजूबाजूचा तमाशा मात्र बघवत नाही. तालुक्याला प्रशिक्षण असतं. हॉलमध्ये दोनशे शिक्षक, पडद्यावर चित्रं, कुणीतरी साहेब संगीताचं महत्त्व सांगतायत, आणि तीन तासांत एकही माणूस एक ओळ गात नाही. शेवटी फोटो काढतात आणि लिंकवर टाकतात. झालं संगीत. स्नेहसंमेलनाला नाच बसवायला बाहेरून मास्तर बोलावतात, तो आपला स्पीकर घेऊन येतो. रोजच्या तासालाही स्पीकरच. बटण दाबलं की बाई गाते, ती कुठली कोण जाणे, मागे ढोलकी, झांज, सगळा थाट. वर्गात आवाजच आवाज आणि त्यात पोराचा एक नाही. तुमची पेटी निदान धापा तरी टाकायची.

दोन महिन्यांपूर्वी आटपाडीच्या पुढच्या एका शाळेत गेले. माळावर चार खोल्या, मागे डाळिंबाची बाग. चौथीच्या बाई माझ्याच वयाच्या, कामाला चोख. फळ्यावरचं अक्षर बघत राहावं असं. तास सुरू झाला. त्यांनी स्पीकर लावला, मुंगीचं गाणं. बाई पुढे उभ्या राहून हातवारे करत होत्या, पोरं बघून करत होती. मी मागच्या भिंतीशी बसले होते. थोड्या वेळानं मला काहीतरी खटकलं, म्हणून मी उठून पोरांच्या मधून फिरले. वाकून ऐकलं. बावीस पोरं तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि आवाज एकाचाही येत नव्हता. बाईंकडे बघितलं, तर त्यांचंही तेच. अगदी नेटकं, शब्दाबरहुकूम, ओठ तेवढे हलत होते. त्यांना कुणी तसं करा म्हणून सांगितलं नव्हतं. बाई करतात म्हणून पोरं करत होती. मला ती पद्धत ओळखू आली, सर. असे ओठ हलवायला जगात एकाच ठिकाणी शिकवत होते.

दुसऱ्या खेपेला जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात डबा खात बसलो होतो. मी म्हटलं, बाई, स्पीकर बंद करून तुम्ही एक ओळ धरा, मी पेटी तुमच्या मागून आणते. त्या हसल्या. 'आवं म्याडम, मला कुटं गाता येतंय? सहावीतच कळलंय मला त्ये.' मग म्हणाल्या, 'तुमी मला वळकलं न्हाई. मी तुमाला पयल्याच दिशी वळकलं. कुंडलच्या अलीकडं माझं मामाचं गाव. सहावीला दिवाळीनंतर तुमच्याच शाळंत होते. तुमी पेटीजवळ असायचा.' त्या सांगत होत्या, अगदी सहज, कुठल्यातरी पाहुण्याची गोष्ट सांगावी तशा. घरात सारखं गायच्या म्हणे त्या. रानात, शेळ्यांमागं, आंघोळ करताना. 'नवीन शाळंत आले, सर गाणं शिकिवत्यात म्हणल्यावर लय आनंद झाला. पयल्याच तालमीला जाऊन पेटीजवळ हुबी ऱ्हायले. जोरात म्हणत होते. रेघ कवा मारली त्येबी कळलं न्हाई. सर म्हणले, जा गं मागं, तवा खांद्याकडं बगितलं. तवापास्नं न्हाई म्हणलं काय. घरातबी न्हाई. लेकीला अंगाई म्हणाय लागंल म्हणून सासूकडं द्यायची मी.'

मी म्हटलं, सर चुकले असतील. त्यांनी मान हलवली. 'न्हाई वं. सरांना लय कान होता. आन मी तर पेटीला चिकटून हुबी होते, त्यांच्या कानाजवळ. तिथनं ऐकून रेघ मारली म्हंजी बगा.' आणि मग माझा चेहरा बघून त्यांनाच माझी दया आली असावी. 'तुमच्यावर राग न्हाई, म्याडम. खडू तुमच्या हातात हुता, पर कान सरांचा. ते हनुवटीनं दावायचे, तुमी मारायचा. तुमी तवा केवढ्या!' मी म्हटलं, 'हो ना. सर दाखवतील तसं करायचं, दुसरं काय.' आणि डब्याचं झाकण लावलं.

तिसऱ्या खेपेला पोरांना मैदानावर सोडून आम्ही दोघीच वर्गात बसलो. मी पेटी मिटलेली ठेवली. नुसती ओळ बोला म्हटलं, त्या बोलल्या. जरा लांबवून बोला, त्यांनी लांबवली. तिसऱ्या वेळी 'मुंगी' शब्दावर आवाज सुराला लागला, नितळ, ठणठणीत. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाई, मागे कुणी आहे का म्हणून वळून बघतात आणि उजवा खांदा झटकतात. मग म्हणाल्या, 'सोडा म्याडम. उगा पोरांचं वाटुळं कशाला? सोमवारी मी हेडमास्तरांना लिवून देते, मला गाण्याचा तास जमत न्हाई म्हणून. तो नाचाचा मास्तर घील.' एकदा ते लिहून दिलं की तो स्पीकरवाला येणार, आणि ती बावीस पोरं चौथी संपेपर्यंत ओठ हलवणार, पुढेही हलवणार. आणि बाई उरलेला जन्म. त्यांना माझी कुठलीच युक्ती लागू पडणार नाही. जाणकार माणसानं जवळून, नीट ऐकून आपल्याला नापास केलंय, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय. ते हललं तर सगळं हलेल.

परवा सोमवार आहे. मी सकाळच्या विट्याच्या गाडीनं बाईंच्या शाळेत जाणार आहे. स्मरणिकेच्या लेखासाठी बसले होते आणि एवढी पानं तुम्हाला शिव्या देण्यात गेली. मजा आली, खोटं कशाला बोलू? प्रत्येक शिवी तुम्ही कमावलेली आहे, त्यातली एकही मी मागे घेत नाही. पण हे कुणाला पाठवायचं नाही हे मला आता कळतंय. त्या ग्रुपला तर नाहीच. त्यांना मी कळवीन की वेळ नाही, आणि ते दुसऱ्या कुणाकडून सुरांचे सम्राट लिहून घेतील. तुमच्याशी भांडायला सोपं जातं, सर, कारण तुम्ही उलटून काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं होतंत.

सव्वीस जानेवारीच्या आधीची तालीम. शिपाई बोलवायला आला, हेडमास्तरांनी तुम्हाला कसल्याशा यादीसाठी ऑफिसात बोलावलं होतं. तुम्ही उठताना म्हणालात, 'म्या येईस्तवर नुसतं म्हणत ऱ्हावा. आन तू कुणाला रेघ मारू नगंस.' तुम्ही गेलात आणि मी पाणी प्यायला बाहेर आले. परत येऊन बघते तर ती नवीन मुलगी पेटीच्या उजव्या हाताला उभी, झाकणावर बोटं ठेवून. सगळे गात होते, तीही गात असणार. मी मागून गेले आणि रेघ मारली. तुम्ही परत आलात, पेटीवर बसून एक ओळ धरलीत, तेव्हा तुम्हाला ती रेघ दिसली. तुम्ही एकदा तिच्याकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे, आणि हळूच विचारलंत, 'नीट ऐकलंस न्हवं?' मी म्हटलं, हो सर. मग तुम्ही तिला म्हणालात, जा गं मागं.

मी ऐकलंच नव्हतं, सर. ती माझ्या जागेवर उभी होती.